न्यानेबाने अर्धवट सोडलेलं गाणं

आमच्या किनाऱ्यावर माणूस मेलं की त्याची पुस्तिका निघते. ज्याने आयुष्यात चार ओळींचं पत्र लिहिलं नाही, त्याच्याही नावाने चोवीस गुळगुळीत पानं छापली जातात. वर फोटो, आत मुलांच्या आठवणी, नातवंडांच्या आठवणी, महिला मंडळाच्या आठवणी, आणि त्या सगळ्यांत मेलेलं माणूस इतकं गोड झालेलं असतं की घरच्यांनाही ओळखू येत नाही. दफनाच्या दिवशी ती चर्चमध्ये मोठ्याने वाचायची, आणि उकडायला लागलं की तिनेच वारा घ्यायचा. एसाक्रोमच्या एकुआ न्यानेबाचीही अशी पुस्तिका निघाली. तिला स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिच्या पुस्तिकेत एक वाक्य खोटं होतं, आणि ते तिच्या थोरल्या मुलीने, अराबाने, चांगला विचार करून लिहिलं होतं.

वाक्य असं होतं: "आमच्या आईने अखेरच्या दिवसापर्यंत चर्चमध्ये देवाचं गाणं उचललं."

गाणं उचलणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाळकसाहेब उपदेश करत असतात, आणि मध्येच बायकांच्या बाकांवरून एखादी म्हातारी उभी राहते आणि उपदेशातली गोष्ट गाण्यात घेते. शब्द तिथल्या तिथे जुळवायचे. ती एक ओळ टाकते, बाकीच्या बायका दुसरी ओळ देऊन ती पुरी करतात. तोवर पाळकाने पुस्तकात बोट घालून थांबायचं. यात त्याचा अपमान नाही, मान आहे. ज्याच्या उपदेशात कुणीच गाणं उचलत नाही, तो पाळक घरी जाऊन बायकोवर चिडतो. आमच्या आज्या-पणज्यांना शास्त्र वाचता येत नव्हतं, त्यांनी ते असं गाऊनच पाठ केलं.

न्यानेबा या कामात सगळ्यांत वरचढ. मासे धुरावर सुकवण्याचा तिचा धंदा. अंगणात मातीच्या चार भट्ट्या, त्यांवर मासे मांडलेल्या तारेच्या जाळ्यांची चळत, आणि दिवसभर डोळ्यांत जाणारा धूर. चाळीस वर्षं तो धूर खाऊन तिचा आवाज घोगरा झाला होता, पण चर्चच्या खिडकीतून निघून तो खाली वाळूवर जाळं ओढणाऱ्यांपर्यंत पोचायचा. तिच्या ओळीला ओळ द्यायला शेजारी कायम एफुआ मान्सा बसलेली. दोघी एका वयाच्या, एका भिंतीच्या शेजारणी, एकाच होडीचे मासे घेणाऱ्या. मान्साचा आवाज बारीक आणि धारदार. न्यानेबाने ओळ टाकली की मान्सा ती खाली पडू द्यायची नाही.

न्यानेबाची भक्ती मोठी कामसू होती. गुडघे टेकून बसायला तिला फुरसत कुठली? भट्टीत लाकूड सारता सारता ती प्रार्थना करायची, आणि तीही मोठ्याने. "देवा, हा आमचा क्वामेना गणितात ढ आहे, ते तुला ठाऊकच आहे. पण काल त्याने शेजारच्यांचा आंबा पाडला, ते तुला सांगायचं राहिलं." क्वामेना म्हणजे अराबाचा धाकटा भाऊ. तो भिंतीमागून ऐकत असायचा आणि शरमेने चूर व्हायचा. पुढे नातवंडांवरही हाच प्रसंग आला. आजी मारत नसे, रागावत नसे, फक्त देवाला कळवत असे. पहिल्या जाळीतले चांगले चार मासे गल्लीतल्या आंधळ्या विधवेचे, हाही तिचा नियम. गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी त्यांना हात लावता येत नसे.

रविवारी संध्याकाळी मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तिखटजाळ चटणी खाऊन झाली की मुलांनी तिला शास्त्र वाचून दाखवायचं. ती पाय पसरून, डोळे मिटून ऐकायची. क्वामेनाला फुटबॉल खेळायला जायची घाई, तो मधल्या ओळी गाळायचा. न्यानेबा डोळे न उघडता म्हणायची, "तिथे अजून एक ओळ आहे." तो परत मागे जायचा. अराबाने एकदा मुद्दाम वंशावळीतलं एक नाव गाळून पाहिलं. "तिथे अजून एक माणूस आहे," आई म्हणाली, "त्याला उपाशी ठेवू नकोस."

अराबा मंगळवारी जन्मली. मंगळवारी आमच्याकडे होड्या समुद्रात जात नाहीत, समुद्राला विश्रांती असते. न्यानेबा तिला चिडवायची, "आठवड्यात मला बसायला मिळतो तो एवढा एक वार, आणि तू त्याच दिवशी आलीस." या मुलीवर तिचा फार जीव. धुराच्या पैशातून तिने तिला शिकवलं, आणि अराबा शिकली, शिक्षिका झाली, आणि अकरा वर्षांपूर्वी केप कोस्टजवळच्या एका मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. त्याची उपकारस्तुतीची उपासना एसाक्रोमच्या चर्चमध्ये ठेवली होती. त्या दिवशी जे घडलं ते फार छोटं होतं. चर्चमधल्या निम्म्या लोकांना ते दिसलंही नाही.

उपदेशाला राजधानीहून, अक्राहून, मोठे विद्वान पाहुणे आले होते. ते इंग्रजीत बोलत आणि आमचे पाळक वाक्यागणिक आमच्या फांटी भाषेत सांगत. विषय होता हन्नाचा. हन्नाला मूल नाही, ती देवळात रडते, तिचे नुसते ओठ हलतात, आवाज येत नाही, आणि याजकाला वाटतं ही बाई दारू पिऊन आली आहे. अराबा पहिल्या बाकावर, शिक्षण खात्यातल्या लोकांच्या रांगेत, नव्या टोपीत बसली होती. आई त्या दिवशी आपली नेहमीची जागा सोडून लेकीशेजारी. मान्सा बरोबर त्यांच्या मागे. न्यानेबाला मुलगी झाली होती ती लग्नानंतर नऊ वर्षांनी, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पाहुण्यांना नव्हतं. हन्नाची गोष्ट ऐकून तिला राहवलं नाही. ती उठली आणि तिने ओळ टाकली.

"हन्ना, का रडतेस?"

पाहुणे वाक्याच्या मधोमध थांबले. त्यांनी चष्मा काढला आणि घड्याळाकडे पाहिलं. शिक्षण खात्यातला एक जण हसला. अराबाच्या कानशिलांत रक्त चढलं. तिने आईच्या कापडाचं टोक धरून खाली ओढलं आणि म्हणाली, "आई, बस खाली. आज नको."

न्यानेबा बसली. मान्साने श्वास भरून घेतला होता, तिची ओळ तोंडातच राहिली. पाहुण्यांनी चष्मा लावला आणि उपदेश पुढे चालू झाला. घरी आल्यावर न्यानेबाने पाहुण्यांना हसून जेवायला वाढलं, लेकीच्या टोपीचं कौतुक केलं, आणि त्यानंतर अकरा वर्षं एकदाही गाणं उचललं नाही.

कुणी विचारलं तर म्हणायची, "घसा बसलाय गं. धूर." अराबाने ते मानलं. मानणं सोयीचं होतं. कधी कधी मनात यायचं की विचारावं, माफी मागावी, पण मग वाटायचं, एवढ्याशा गोष्टीची काय माफी मागायची, ती विसरलीही असेल. नाताळला गेले की बघू. असे अकरा नाताळ गेले. आई रोज सकाळी साडेपाचला फोन करून तिच्यासाठी प्रार्थना करायची, तिच्या शाळेतल्या मुलींसाठी, बदलीवर गेलेल्या शिपायासाठीसुद्धा. तिच्या बोलण्यात कधी काही टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

ती गेली ती कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत, दुपारी. एक्याऐंशी वर्षांची होती. भट्टीवरची वरची जाळी खाली घ्यायला सांगून स्टुलावर बसली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेली. मासे करपले. शेजारणींना त्याचंच जास्त रडू आलं, कारण न्यानेबाचे मासे करपल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

दफनाचा शनिवार ठरला. क्वामेना आता टाकोराडीला बंदरात मोठ्या हुद्द्यावर होता. त्याने पितळी वाद्यांचा बँड ठरवला, झगेवाला गायकवर्ग ठरवला, पुस्तिकेला जाड कागद निवडला. अराबाने मुलांच्या आठवणी लिहिल्या. ते वाक्य लिहिताना तिचा हात थांबला नाही, आणि हेच तिला नंतर जास्त लागलं. आदल्या मंगळवारी छापून आलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन ती एसाक्रोमला पोचली, तर मान्सा अंगणात थंड पडलेल्या भट्टीला टेकून बसली होती. तिला आता दिसतही नीट नव्हतं.

"आलीस? ये," मान्सा म्हणाली. "काय लिहिलंयस ते वाच तरी. मला दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी काय उपयोग होता म्हणा."

अराबा इंग्रजीवरून फांटीत सांगत वाचत गेली. धूर, शाळा, विधवेचे मासे. मान्सा मान डोलवत होती, मध्येच डोळे पुसत होती. मग ते वाक्य आलं.

"परत वाच," मान्सा म्हणाली.

अराबाने परत वाचलं.

"कुणी लिहिलं हे?"

"मी."

"मला वाटलं छापखान्यातल्या मुलाने घुसडलं."

"मावशी, पुस्तिकेत असंच लिहितात."

"असंच लिहितात! अगं, तुझ्या आईने अकरा वर्षं एक ओळ उचलली नाही. का, ते तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. आता काय देवालाही छापील कागद दाखवणार?"

"ती म्हणायची, घसा बसलाय. धुराने."

"आणि तो धूर काय बाई त्या रविवारी नव्याने निघाला?"

 अराबाने गठ्ठ्याची दोरी सोडली आणि परत बांधली.

"मी तिच्या शेजारी बसायचे," मान्सा म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "अकरा वर्षं. उपदेशात काही चांगलं आलं की ती सरसावून बसायची. मी श्वास भरून ठेवायचे, म्हटलं आज उठेल. नाही उठायची. पण ओठ हलायचे. सगळी ओळ म्हणायची ती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाजाशिवाय. मी तिला म्हटलं, अगं तुझी लेक तिकडे केप कोस्टला आहे, इथे कोण तुला अडवतंय, उचल की. तर म्हणाली, 'नको. चुकून ती आलेली असली तर परत तिची मान खाली जाईल.'"

हे ऐकून अराबाला काय झालं ते तिने पुढे कुणालाही नीट सांगितलं नाही. ती एवढंच म्हणायची की आई रागावली असेल असं इतकी वर्षं वाटायचं, आणि ती रागावलेली नव्हती हे ऐकणं जास्त वाईट होतं. ती भट्टीच्या कडेवर बसली. नव्या काळ्या कापडाला राख लागली.

"शनिवारी आम्ही गाणं उचलणार नाही," मान्सा म्हणाली.

"मावशी!"

"रागाने नाही बोलत. मंडळाने ठरवलंय. पहिली ओळ तिच्या घरातून यायला हवी. तू बंद केलंस, तू सुरू कर. मग बघ आम्ही काय करतो ते."

"मला गाता येत नाही."

"ते मला काय सांगतेस? तू तान्ही असताना रडायचीस तेव्हापासून ऐकतेय."

"आणि नाही उचललं कुणी तर?"

"तर न्यानेबा पेटीत पडून बँड ऐकेल आणि जाईल. कितीतरी जण जातात तसेच."

क्वामेनाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, तू उगाच मनाला लावून घेतेस. दहा माणसांचा बँड आहे. कुणाच्या लक्षात तरी येणार आहे का, म्हाताऱ्या गायल्या की नाही ते?" अराबा मुख्याध्यापिका होती, भावाला गप्प कसं करायचं ते तिला येत होतं, पण ती नुसतीच त्याच्याकडे बघत राहिली. आईला पुरताना ज्या गोष्टीसाठी आई जगली तीच नसावी, आणि ती आपल्यामुळे नसावी, हे तिला सहन होत नव्हतं. बुधवारी सकाळी अंगणात कुणी नाही असं बघून तिने एक ओळ म्हणून पाहिली. कोंबड्या भिंतीपलीकडे गेल्या. त्यानंतर तिने प्रयत्न केला नाही.

शनिवारी चर्च भरलं. पेटी समोर, तिच्यावर पांढरी लेस. महिला मंडळ पांढऱ्या कापडात, डोक्याला पांढरे रुमाल, आणि पहिल्या बाकावर घरचे, त्यांच्या बरोबर मागे मान्सा. झगेवाल्यांनी दोन स्तोत्रं फार सुरेख म्हटली. मग अराबा पुस्तिका घेऊन उभी राहिली. ती सावकाश, स्वच्छ वाचत होती, शाळेत वाचते तसं. ते वाक्य आलं तेव्हा तिने ते गाळलं आणि पुढचं वाचून खाली बसली. चारशे लोकांच्या हातात पुस्तिका होत्या, त्यातल्या दीडदोनशे जणांनी वर पाहिलं.

तिच्या शेजारी तिची मुलगी बसली होती, एकुआ, आजीचंच नाव लावलेली, एकोणीस वर्षांची. तीही लहानपणी सुट्टीत आजीकडे आली की रविवारी संध्याकाळी तिला शास्त्र वाचून दाखवायची. तिने पानावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आई, तिथे अजून एक ओळ आहे."

 "ती खोटी आहे," अराबा म्हणाली.

"खोटी कशी? आजी गायची ना?"

"मी तिला बसवलं होतं. कापड ओढून. तेव्हापासून नाही गायली."

एकुआने आईकडे पाहिलं आणि मग पेटीकडे.  पाळक एसिल्फी व्यासपीठावर चढले होते आणि त्यांनी पुस्तक उघडलं होतं.

त्यांनी दुर्कसची गोष्ट घेतली, गोरगरिबांसाठी कपडे शिवणारी ती बाई. भला माणूस होता, न्यानेबाला त्याने वीस वर्षं ओळखलं होतं. दुर्कसने काय काय शिवलं ते त्याने सांगितलं, न्यानेबाने कुणाकुणाला मासे दिले ते सांगितलं. बायका ऐकत होत्या. एरवी एवढ्यात तिघी उठल्या असत्या. आज एकही उठली नाही, आणि पाळकालाही ते जाणवलं. तो वाक्यावाक्याला जरा थांबत होता, जागा देत होता. बाहेर बँडवाल्यांपैकी कुणीतरी खोकला.

"आणि दुर्कस गेली तेव्हा," पाळक म्हणाले, "सगळ्या विधवा तिच्याभोवती रडत उभ्या होत्या."

अराबा उठली. उठेपर्यंत तिला ठाऊक नव्हतं की ती उठणार आहे. तोंड उघडलं तर आवाज फार वरच्या पट्टीत लागला, हजेरी घेताना लागतो तसा, त्यात सूर नव्हता, नुसता जोर होता.

"हन्ना, का रडतेस?"

पाळक थांबले. त्यांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि मान खाली घातली. क्वामेनाने डोळ्यांवर हात घेतला. मागून काहीच आलं नाही. अराबाला वाटलं, संपलं, आता कुणी देणार नाही. अकरा वर्षांपूर्वी आई अशीच उभी होती, इथेच, याच बाकापाशी, तेव्हा तिला असंच वाटलं असेल, हे तिच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं. 

मागून मान्साचा आवाज आला. म्हातारा, चिरकलेला, पण धार तीच.

"ऐकलं, ऐकलं, देवाने ऐकलं!"

आणि मग सगळ्या बायका. अकरा वर्षं तोंडात धरून ठेवलेली ती ओळ त्यांनी अशी सोडली की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. रस्त्यावरचे लोक दारात आले. दोनदा, तीनदा त्यांनी ती ओळ घेतली, आणि मग थांबल्या, कारण आता पुढची ओळ उचलणारीने द्यायची असते.

अराबाकडे पुढची ओळ नव्हती. आईकडे असणार. आईने ती त्या दिवशी घशात घेऊनच बसकण मारली होती, आणि आता ती पेटीत होती, लेसखाली. माफी मागायला उशीर झाला होता, कितीही मोठ्याने मागितली तरी ती आता त्या कानांपर्यंत जाणार नव्हती. अराबा रडायला लागली, आणि रडतच, सूर नाही, ताल नाही, तिला जे विचारायचं होतं तेच तिच्या तोंडून निघालं.

"आई, का गप्प झालीस?"

बायकांनी उत्तर बदललं नाही. "ऐकलं, ऐकलं, देवाने ऐकलं!" बदलायची गरजच नव्हती. मान्साने त्या हलणाऱ्या ओठांबद्दल मंडळात सगळ्यांना सांगितलेलं होतं. शेजारी एकुआही गात होती. तिचा आवाज घोगरा आहे हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गाणं परत थांबलं.  अराबा बसायला लागली, तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या कापडाला हात घातला आणि ते घट्ट वर धरून ठेवलं. मान्सा तिच्या कानाशी वाकली होती.

"बसू नकोस," ती म्हणाली. "अजून एक ओळ दे तिला."